पाचवा दाणा

मत्सर ही काय चीज असते, हे ताईला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं. त्याआधी तिला कुणाचा हेवा करायची गरजच पडली नव्हती. जावेला हवेशीर खोली मिळाली, हिने खुशाल मिळू दिली. धाकट्या बहिणीचा नवरा मोठ्या पदावर चढला, तर हिने त्याच्या कोटाला स्वतः इस्त्री करून दिली. लोकांनी काय मिळवलं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं, कारण तिच्याकडे तिची अशी एक गोष्ट होती. छातीच्या ऑपरेशन थिएटरात, टेबलाच्या कडेला, मोठ्या डॉक्टरांच्या उजव्या हाताशी असलेल्या दोन फरश्या. बावीस वर्षं ती त्या दोन फरश्यांवर उभी राहत आली होती. इस्पितळाच्या कागदोपत्री ती जागा कुणाच्या नावावर नव्हती. पण ताईला विचाराल तर, सूर्याची जागा तरी कुठे कागदोपत्री असते?

तिचं खरं नाव हजेरीपुरतं. बाकी तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला लिफ्टवालासुद्धा तिला ताईच म्हणायचा. बाई नाकावर माशी बसू देत नसे. थिएटरातल्या हत्यारांच्या ट्रॉलीवर तिच्याशिवाय कुणी बोट ठेवलं, तर ती ओरडत नसे, नुसती बघत असे, आणि बोट ठेवणाऱ्याला आपण ओरडा खाल्ला असता तर बरं झालं असतं असं वाटे.

फुप्फुसाचं ऑपरेशन म्हणजे पोटासारखं नव्हे, की कापलं आणि आत हात घातला. माणसाला कुशीवर वळवायचं, आजारी बाजू वर. काखेखाली उशी, वरचा हात स्टँडवर टांगलेला, कमरेला पट्टा. मग टेबल मधोमध वाकवायचं, म्हणजे वरच्या बरगड्या एकमेकींपासून जरा सुटतात. त्या पिंजऱ्यातून आत जायचं तर हत्यारंही तशीच लागतात. म्हणून ताईची ट्रॉली तीन रांगांची असे. पहिल्या रांगेत नेहमीची मंडळी, सुऱ्या, कात्र्या, आखूड चिमटे. दुसऱ्या रांगेत हाडांचं सामान: बरगडीवरचा पापुद्रा खरवडायची पट्टी, बरगडी कापायची जाड कात्री, आणि सगळ्यात अवजड अशी फाकणी. फाकणीची दोन पाती दोन बरगड्यांमध्ये बसवायची आणि दांडा फिरवत न्यायचा, की छातीला खिडकी पडते. तिसऱ्या रांगेत सगळं लांब, कारण खिडकीतून आत खोल पोचायचं असतं. फुप्फुस धरायचे पोकळ टोकाचे चिमटे, म्हणजे ते मऊ प्रकरण चिरडणार नाही. रक्तवाहिनीचे चाप मात्र ओल्या फडक्यावर, सगळ्यांपासून वेगळे आणि हाताच्या सगळ्यात जवळ. ते लागतात तेव्हा शोधायला वेळ नसतो.

आणि कोपऱ्यातल्या वाटीत दाणे. शेंगदाण्याएवढ्या, कापडी जाळीच्या घट्ट वळलेल्या गोळ्या. लांब चिमट्याच्या टोकाला असा एक दाणा धरायचा आणि त्याने नाजूक रक्तवाहिनीवरचं आवरण हलकेच बाजूला सारायचं. काम मोठं नामी करतो, पण रक्तात भिजला की आतल्या मांसासारखाच दिसतो. छातीत राहिला तर महिन्याभरात पू धरतो. म्हणून प्रत्येक दाण्यात एक्स-रेत दिसणारा निळा धागा असे, आणि म्हणूनच ताईने थिएटरात एक नियम बसवला होता. पाच-पाच दाण्यांची पुडी. ती उघडली की टेबलाशी उभी असलेली आणि बाहेरून सामान पुरवणारी फिरती सिस्टर, दोघींनी एकदम, मोठ्याने मोजायचं. मगच भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहायचा. छाती शिवण्याआधी फळा आणि वाटी जुळलीच पाहिजेत. बावीस वर्षांत ताईचा आकडा एकदाही चुकला नव्हता. ही गोष्ट ती स्वतः सांगत नसे. तिला सांगावी लागत नसे.

मोठे डॉक्टर टेबलाशी फारसे बोलत नसत. नुसता हात पुढे यायचा. तळवा वर आणि बोटं सरळ, म्हणजे कात्री. अंगठा आत वळलेला, म्हणजे दाणा लावलेला चिमटा. दुसरी कुणी असती तर भांबावली असती. ताई मात्र तो हात आपल्या नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा चांगला वाचायची, आणि हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक होतं.

मग नवी आली.

दुसऱ्या इस्पितळातून बदलून आलेली, तिशीची, बारीक चणीची. हात लहान, नखं मुळापर्यंत कापलेली. कामात असताना ओठ मिटून काहीतरी गुणगुणायची. ताईने तिला पहिल्याच दिवशी 'नवी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. नव्याचे नऊ दिवस, असं ताईने मनाशी म्हटलं आणि निर्धास्त राहिली. नऊ दिवस गेले, नव्वदही गेले. नवी मागे उभी राहून बघायची, विचारायची, लिहून घ्यायची. ताईला तर सारखं, "ताई, हे असं का?", "ताई, हा चाप आधी का?" ताई सांगायची. शिकवण्यात तिने कधी हातचं राखलं नव्हतं, कारण आपल्याला कुणी गाठेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

एके दिवशी ताईला ताप होता म्हणून नवी टेबलाशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी ताई आली, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई चहा पिता पिता सहज म्हणाल्या, "काल मोठे डॉक्टर चक्क बोलले. टाके घालून झाल्यावर तुमच्या नवीला म्हणाले, छान."

एवढंच. पण ताईने चहाचा कप तसाच खाली ठेवला. बावीस वर्षांत तिला 'छान' मिळालं नव्हतं. तिने कधी मागितलं नव्हतं आणि ते मिळण्यासारखं असतं हेच तिला माहीत नव्हतं. आता कळलं की त्या माणसाच्या तोंडात तो शब्द होता. इतकी वर्षं तो त्याने जपून ठेवला होता आणि एका सकाळी कालच्या पोरीच्या ओंजळीत टाकला.

त्या दिवसापासून ताई नवीला पाण्यात पाहू लागली. नवीचं गुणगुणणं आता तिच्या कानात खुपायचं. नवीने कात्री दिली की ती अर्ध्या बोटाने अलीकडे दिली असं तिला दिसायचं. मुख्य म्हणजे, डॉक्टरांचा हात पुरता उघडण्याआधीच नवीच्या हातात योग्य हत्यार तयार असायचं, आणि हे खोटं म्हणायला काही जागाच नव्हती. वाईट माणसाचा मत्सर करणं सोपं असतं, त्यात स्वतःला बरं म्हणता येतं. चांगल्या माणसाचा मत्सर म्हणजे स्वतःच्याच घरात चोरासारखं वावरणं.

ताईचा नवरा वीजमीटरचे आकडे टिपत घरोघर फिरायचा. दिवसभर जिन्यांखाली वाकून वाकून त्याची पाठ गेली होती, पण जीभ शाबूत होती. ताई घरी आली आणि तिने भांडी आपटायला सुरुवात केली, की तो पेपरमागून म्हणायचा, "काय गं, डॉक्टरांनी सवत आणली वाटतं."

"काहीतरी बोलू नका."

"मी कुठे बोलतोय. पातेलं बोलतंय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? ती पोर अजून दाणा नीट वळत नाही. माझ्याकडून सगळं शिकली आणि आता माझ्याच डोक्यावर मिरे वाटणार."

"अगं, शिकवलंस तर शिकणारच ना ती," तो पेपर घडी करत म्हणाला. "का न शिकणारी हवी होती?"

या प्रश्नाला ताईकडे उत्तर होतं, पण ते नवऱ्याला सांगण्यासारखं नव्हतं. हो, तिला न शिकणारीच हवी होती.

अशात भट्टीवाल्या काकांच्या छातीत गाठ निघाली. काका म्हणजे इस्पितळाच्या तळघरातल्या वाफेच्या भट्टीवरचे. सगळी हत्यारं त्यांच्या हातून निर्जंतुक होऊन वर यायची. ताई इथे कोवळी पोर म्हणून आली, तेव्हा तिला पुडी बांधायला काकांनीच शिकवलं होतं, आणि म्हणून अख्ख्या इस्पितळात तिला अगं-तुगं करणारे ते एकटेच उरले होते. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढायचा ठरला. काका हसून म्हणाले, "एवढी वर्षं चिमटे उकळले, आता चिमटे मला बघणार." मग म्हणाले, "टेबलाशी तू असशील ना?"

"मी नाही तर कोण?" ताई म्हणाली.

मंगळवारी दुपारी ताई सामानाच्या खोलीत बसून दाणे वळत होती. हे काम ती दुसऱ्या कुणाला देत नसे. दाणे वळायचे, पाच मोजायचे, कापडात बांधायचे, वर पट्टी चिकटवून तारीख आणि आपली सही करायची. मोठे डॉक्टर दारात उभे राहिले. ते या खोलीकडे कधी फिरकत नसत.

"ताई, परवा काकांच्या ऑपरेशनला नवीला उभी करू या," ते म्हणाले. "अवघड काम आहे, तिला एकदा पुरतं अंगावर घेऊ दे. माझी आता दोन-तीन वर्षंच राहिली. फिरतीला आणि फळ्यावर तुम्ही असलात की मला काळजी नाही."

"बरं, सर," ताई म्हणाली.

डॉक्टर गेले. त्यांचं शेवटचं वाक्य खरं तर मानाचं होतं, पण मत्सराच्या कानाला मान ऐकू येत नाही. ताईला एवढंच ऐकू आलं, की तिच्या दोन फरश्या गेल्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हात मात्र सवयीने चालत राहिले. वळ, टाक, बांध, सही कर.

ऑपरेशनच्या सकाळी नवीने ट्रॉली लावली. तीन रांगा, चाप ओल्या फडक्यावर. ताई भिंतीशी हाताची घडी घालून बघत होती आणि चूक शोधत होती. फाकणीचा दांडा तिला थोडा तिरका वाटला. तिने तो निरखून पाहिला. तिरका नव्हता.

काकांना आत आणलं, तेव्हा त्यांनी ताईला बिनहातमोज्यांची आणि लांब उभी पाहिलं. ताईच पुढे झाली.

"मोठ्या डॉक्टरांनी तिला उभं केलंय काका. मी आहे इथेच."

"ती बरी आहे का?" काकांनी विचारलं.

सगळं थिएटर ऐकत होतं. "बरी आहे," ताई म्हणाली, आणि ते दोन शब्द तिला कडू औषधासारखे गिळावे लागले.

भूल चढली, काकांना कुशीवर वळवलं, टेबल वाकवलं. छाती उघडली, फाकणी बसली, खिडकी पडली. ताईच्या मनात त्या वेळी काय होतं हे सांगितलं तर तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण होतं ते होतं. काका वाचावेत हे तिला मनापासून हवं होतं. आणि नवीच्या हातून काहीतरी चुकावं, हेही तितक्याच मनापासून हवं होतं. छोटंसं काहीतरी, काकांना धक्का न लावणारं, पण सगळ्यांना दिसणारं.

नवी चुकेना. डॉक्टरांचा हात यायच्या आत तिचा हात पोचायचा. वाटीतले पहिले पाच दाणे भिजून वापरून झाले. मोठी रक्तवाहिनी गाठीला चिकटलेली होती आणि ती सोडवायला आणखी हवे होते.

"ताई, एक पुडी," नवी म्हणाली.

ताईने पुडीची पट्टी सोडली आणि आतले दाणे नवीच्या वाटीत ओतले. नियमाप्रमाणे आता दोघींनी एका सुरात मोजायचं. नवीने मास्कवरून तिच्याकडे पाहिलं आणि वाट बघितली. त्याच क्षणी डॉक्टर, मान वर न करता, नवीला म्हणाले, "असंच. अगदी बरोबर."

या पोरीच्या आवाजात आवाज मिसळायचा? तिने पाठ फिरवली, फळ्याशी गेली आणि आधीच्या पाचाखाली पाच लिहिले. एकूण दहा. पुडीत पाच असतात हे काय मोजायचं? पुड्या बांधणारी तीच तर होती.

तासाभराने गाठ असलेला भाग बाहेर आला. श्वासनळीचं टोक शिवून झालं. छातीत कोमट पाणी ओतून, फुप्फुस फुगवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे शिवण गळत नव्हती. डॉक्टरांचे खांदे सैल झाले.

"मोजा," ते म्हणाले.

हत्यारं जुळली. रक्त टिपायच्या पट्ट्या जुळल्या. सुया जुळल्या. नवीने चिमट्याने एकेक दाणा उचलत मोजलं आणि नऊवर थांबली. पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ.

"फळ्यावर दहा आहेत," ताई म्हणाली.

आवाज शांत होता, पण आत तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हरवला. पोरीने दाणा हरवला. इतक्या महिन्यांनी ताईला पोटभर श्वास घेता आला.

शोधाशोध सुरू झाली. डॉक्टरांनी फुप्फुसामागे बोटं फिरवली, फाकणीच्या पात्यांखाली पाहिलं, छाती-पोटामधल्या पडद्यापाशी पाहिलं. सहायकाने चादरीच्या घड्या उलगडल्या. ताईने केराची बादली जमिनीवर रिकामी करून एकेक बोळा चिमट्याने उलटवला, छातीतून ओढलेल्या रक्ताची बाटली गाळली, सगळ्यांना पाय उचलायला लावून बुटांचे तळवे पाहिले. दाणा नव्हता.

"प्रेशर उतरतंय," भूलवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांना फार वेळ असं उघडं ठेवता येणार नाही."

"एक्स-रेचं मशीन मागवा," डॉक्टर म्हणाले.

मशीन खालच्या मजल्यावर होतं आणि लिफ्टमध्ये दुसरा पेशंट होता. पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत प्रेशर दोनदा उतरलं, दोनदा औषध देऊन वर आणलं. काकांच्या पायाचा अंगठा चादरीबाहेर आला होता, पिवळट पडलेला. ताईने तो झाकला आणि तिचा हात तिथेच राहिला. उकळ्या केव्हाच विरल्या होत्या. एक्स-रेत निळ्या धाग्याची खूण कुठेच आली नाही. छाती साफ होती. डॉक्टरांनी आतलं रक्त-पाणी निघून जायला बाजूला दोन नळ्या ठेवल्या आणि शिवायला घेतलं.

शेवटचा टाका झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि नवीकडे वळले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं वाटण्यासारखं बोलले.

"दाणा कुठेतरी केरात गेला असेल. पण टेबलाशी उभ्या राहणाऱ्याला तो कुठे गेला हे माहीत नसणं मला चालत नाही. एक माणूस तुमच्यामुळे पंचवीस मिनिटं उघडा होता. उद्यापासून ताई उभ्या राहतील."

ताईला तिच्या फरश्या परत मिळाल्या.

हत्यारं धुवायच्या खोलीत नवी नळाखाली फाकणी घासत होती. आज तिचं गुणगुणणं बंद होतं. ताई आत गेली ती खरं तर मोठ्या मनाने चार शब्द बोलायला. जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं.

"होतं असं कधी कधी," ताई म्हणाली. "दाण्याकडे सतत डोळा ठेवावा लागतो."

"डोळा होता, ताई," नवी म्हणाली. "दुसऱ्या पुडीत चारच होते."

ताईला नीट कळलं नाही. "काय म्हणालीस?"

"तुम्ही वाटीत ओतलेत तेव्हा मी मनात मोजले. चार. मग तुम्ही फळ्यावर पाच लिहिलेत. मला वाटलं, माझंच चुकलं. एक दुसऱ्याखाली दडला असेल."

"मग बोलली का नाहीस? शेवटी तरी? एवढं सगळं चाललं होतं."

नवीने नळ बंद केला. तिचे डोळे लाल होते, पण आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईला फार बरं झालं असतं.

"मी इथे आले त्याच दिवशी सगळ्यांनी सांगितलं, की बाकी कशावर नाही ठेवला तरी चालेल, ताईंच्या आकड्यावर विश्वास ठेव. तुमचा चुकत नाही म्हणून मी माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं. खरंच वाटत होतं, की माझ्याच हातून पडला."

ताई तिथून निघाली ती थेट थिएटरात. केर अजून उचललेला नव्हता. वापरलेल्या कापडांच्या पिशवीत हात घालून तिने पुड्यांच्या दोन्ही पट्ट्या शोधून काढल्या. एकीवर आदल्या आठवड्यातली तारीख होती. दुसरीवर मंगळवार. खाली तिची स्वतःची सही, नेहमीपेक्षा जोरात दाबून केलेली. वळ, टाक, बांध, सही कर. मोज हे तिच्या हातांनी त्या दुपारी केलंच नव्हतं.

म्हणजे पाचवा दाणा छातीत नव्हता, केरात नव्हता, कुणाच्या बुटाखाली नव्हता. तो कधी वळलाच गेला नव्हता. जो नव्हताच त्याच्यासाठी काकांची छाती पंचवीस मिनिटं उघडी होती. आणि शिक्षा पोरीला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराच्या हातात परत तिजोरीची किल्ली.

ताई स्टुलावर बसली. तिला मूग गिळून बसता आलं असतं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. नवी बोलणार नव्हती. पट्टी खिशात गेली असती, पिशवी धुलाईला गेली असती. दोन फरश्या परत आल्याच होत्या. ती त्या फरश्यांकडे बघत बसली. निळसर, एकीचा कोपरा उडालेला. उद्या सकाळी आठला तिथे उभं राहायचं होतं. हव्या होत्या तिला त्या. अजूनही, एवढं होऊनही, हव्या होत्या, आणि याची तिला इतकी लाज वाटली की ती उठून उभी राहिली.

मोठे डॉक्टर आपल्या खोलीत बूट काढून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसले होते. ताईने पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"पुडीत चारच होते सर. मंगळवारी मी बांधली होती. नवीचा दोष नाही."

डॉक्टरांनी पट्टी उचलली, वाचली. "पण उघडल्यावर दोघींनी मोजले असतील ना?"

"नाही मोजले. मी पाच लिहून टाकले."

"तुम्ही?" डॉक्टरांनी पाय खाली घेतले. "नियम तुमचा. का नाही मोजले?"

ताईने इकडे येताना मनात तयार केलेलं काही नव्हतं, आणि खोटं तिला इतक्या पटकन सुचत नसे.

"तिच्याबरोबर मोजायचं नव्हतं. जळत होते मी तिच्यावर."

डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. त्यांना कामाला तिचा हात लागायचा, चेहरा कधी लागला नव्हता.

"काका गेले असते तर?"

या प्रश्नाचं उत्तर ताईने स्वतःला आधीच दिलं होतं.

"काका शुद्धीवर आलेत," डॉक्टर म्हणाले. "बोलतायत. उद्या सकाळी आणखी एक छाती आहे. सांगा, टेबलाशी कोण?"

गेले तीन महिने ताईला कुणी हा प्रश्न विचारावा असं वाटत होतं. "नवी," ती म्हणाली.

"आणि फळ्यावर?"

"ते तुम्ही ठरवा. मी स्वतःचं नाव घेत नाही."

"फळ्यावर तुम्हीच," डॉक्टर म्हणाले. "पण ताई, आज घोटाळा तुम्ही न मोजल्याने अर्धाच झाला. उरलेला अर्धा झाला तो तुमच्या आकड्याला हरकत घ्यायची कुणाची छाती नाही म्हणून. त्या मुलीला हरकत घेता आली, तरच उद्या आत या. नाहीतर घरी बसा."

नवी अजून धुवायच्या खोलीत होती. चिमटे पुसून ओळीने मांडत होती. ताईने दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"डॉक्टरांना सांगितलंय मी सगळं. उद्या तू उभी राहायचीस."

नवीच्या हातातला चिमटा थांबला. "ताई, तुम्ही कशाला..."

"ऐक. मी फळ्यावर पाच लिहिले आणि तुला चार दिसले, तर काय म्हणायचं?"

"सांगायचं तुम्हाला. हळूच."

"हळूच नाही. सगळ्यांसमोर. म्हणून दाखव."

"आत्ता?"

"आत्ता. मी लिहिले पाच."

नवीने खाली पाहिलं. "चार आहेत बहुतेक, ताई."

"बहुतेक?"

"चार आहेत."

"मी म्हणते पाच. बावीस वर्षं माझा आकडा चुकलेला नाही. तू काल आलेली पोर, मला शिकवतेस?"

नवीचा चेहरा लाल झाला. ताई हे नाटक करत नव्हती, आणि नवीला ते कळलं. त्या शब्दांत तीन महिन्यांचं सगळं जळणं होतं. ते आज पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि पोर मागे सरली नाही.

"चार आहेत ताई," ती म्हणाली. "तुम्ही मोजले नाहीत. तुम्ही चुकलात."

ते ताईला झोंबलं. मुलीचा आवाज स्वच्छ होता, ठाम होता, आणि त्यात माफी नव्हती. असा आवाज टेबलाशी उभ्या राहणाऱ्या बाईचा असतो हे ताईइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिला तो मुळीच आवडला नाही.

"अजून मोठ्याने," ताई म्हणाली.